फुफ्फुसाबाहेर गेलेली सावली

क्ष-किरण विभागात नव्याने शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी चार वस्तू दाखवतो. किरण निर्माण करणारी ट्यूब. तिच्या तोंडाशी असलेला कॉलिमेटर. तो किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता आखून देतो. रुग्णासमोरचा सपाट डिटेक्टर, ज्याने जुन्या फिल्मची जागा घेतली. आणि शिशाच्या काचेआडचा कन्सोल, जिथून आपण बटण दाबतो. मग सांगतो, किरणांच्या वाटेत जे येईल ते चित्रात येईल. पूर्वी मी एवढेच सांगत असे की धातू येईल.

कोल्हापुरातल्या आमच्या रुग्णालयात एका सकाळी हातकणंगल्याकडच्या एक मावशी मुलाबरोबर आल्या. तीन आठवडे खोकला होता, आणि घरात सून बाळंत होऊन बारा दिवस झाले होते.

‘‘नातवाला अजून हातात घेतलं न्हाय बघा,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘ह्यो म्हणतोय, आधी फोटू काढ, मगच पाळण्याजवळ ये.’’

‘‘मग? बाळाला खोकला लागला म्हंजे?’’ मुलगा म्हणाला.

‘‘तू माझ्या खोकल्यातच मोठा झालास की!’’

मी नेहमीच्या क्रमाने विचारले, ‘‘अंगावर धातूचं काही?’’ त्यांनी मंगळसूत्र, कानातली फुले, पिना असे सारे उतरवून मुलाकडे दिले आणि रुग्णालयाचा झगा घातला. डोक्याचा रुमाल तसाच होता. सुती कापड चित्रात उमटत नाही, म्हणून मी काही बोललो नाही. छाती डिटेक्टरला टेकवून, खांदे पुढे घेऊन त्यांना उभे केले, श्वास रोखायला सांगितला आणि बटण दाबले.

पडद्यावर उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्याला जाड, पांढरट सावली दिसली. क्षयाचा डाग पुष्कळदा तिथेच असतो. शेजारी उभे असलेले छातीचे डॉक्टर पडद्याकडे वाकले. दाराशी उभ्या असलेल्या मुलाने आमचे चेहरे पाहिले आणि आईचे मंगळसूत्र मुठीत घट्ट धरले.

मी चित्र मोठे करून सावलीच्या कडेवरून नजर फिरवली. फुफ्फुसातला डाग फुफ्फुसाची हद्द सोडत नाही. ही सावली मात्र गळपट्टीच्या हाडावरून सरळ मानेच्या बाजूला चढत गेली होती.

‘‘मावशी, रुमालाखाली काय आहे?’’

‘‘जट हाय की, देवीची. मागं झग्यात सोडलीया.’’

‘‘मघाशी सांगितलं नाही?’’

‘‘तुम्ही धातूचं इचारलासा. ही काय लोखंडाची हाय व्हय?’’

उत्तर बिनचूक होते. केसांचा गुंता होऊन दोरखंडासारखी घट्ट झालेली जट देवीची म्हणून राखतात. ती कापत नाहीत, परक्याचा हातही लागू देत नाहीत. दाट केस चित्रात उमटतात हे मला ठाऊक होते, पण माझ्या प्रश्नात ते नव्हते. माझ्या चुकीमुळे त्यांना पुन्हा एकदा किरण घ्यावे लागणार होते. तसे मी त्यांना सांगितले आणि जट वर बांधण्याची विनंती केली. मी दाराबाहेर थांबलो. त्यांनी ती स्वतःच्या हातांनी डोक्यावर गुंडाळून रुमालाने आवळली.

दुसऱ्या चित्रात शेंडा स्वच्छ होता.

‘‘मग घेऊ का बाळाला?’’

‘‘सकाळी तपासायला दिलेल्या थुंकीचा रिपोर्ट उद्या येईल,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘नुसत्या फोटोवर मी हो म्हणणार नाही.’’

 मावशींनी मुलाकडून दागिने मागून घेतले आणि एकेक अंगावर चढवले.

दुसऱ्या दिवशी मुलगा एकटाच आला. रिपोर्टमध्ये क्षयाचे जंतू आढळले नव्हते. डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि खोकला जाईपर्यंत बाळाजवळ जाताना मास्क लावायला सांगितले.

‘‘आई नाही आल्या?’’ मी विचारले.

‘‘सकाळधरनं न्हाऊन पाळण्यापासनं चार हात लांब बसलीया. म्हणाली, आधी फोन कर.’’

त्याने तिथेच व्हरांड्यात फोन लावला. पलीकडून पहिल्याच घंटीला आवाज आला.

‘‘तोंडाला मास्क बांध,’’ तो म्हणाला, ‘‘आणि घे त्याला.’’