नवरा रक्ताच्या नात्यात बसतो का?

काशम्माक्काला विमा विकणं सोपं, विकल्यानंतर निस्तरणं अवघड. सोलापुरात बाळीवेशीजवळ तिचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान आहे. मी तिचा विमा एजंट. पॉलिसी हातात दिली त्या दिवशीच तिनं मला दुकानात बसवून बारीक अक्षरातला सगळा मजकूर मोठ्यानं वाचायला लावला, आणि प्रत्येक कलमाला "का?" विचारून माझा घसा कोरडा केला.

गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो झाली. कंपनीनं जवळजवळ सगळं बिल चुकतं केलं, तेव्हा मला हायसं वाटलं. पण तिची सख्खी मावशीही याच दुखण्यानं गेली होती. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून येत असेल तर कळायला हवं. रक्त देऊन जनुकांची तपासणी करून घ्या. लॅब पुण्याची होती, तिनं सव्वीस हजार सांगितले. डॉक्टरांनी फोन केला आणि ते अठरावर आले.

"महेश्वर, मधले आठ हजार कशाचे हुते रं?" अक्कानं विचारलं.

मला काय माहीत! मी म्हटलं, "हे पैसे कंपनी देणार नाही, अक्का. तुम्ही ॲडमिट नव्हता ना."

"म्हंजी कॅन्सर झाला तर दोन लाख देत्यात, आन् पुढं कुणाला हुईल ते बघायला दमडी न्हाय?"

"तसंच काहीसं."

"मग ही कंपनी आजाराची वाट बघती की रं!"

मला राग आला. पैसे तिनं भरले. चंद्रिकेसाठी भरले. चंद्रिका तिची एकुलती एक लेक, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. महिन्याभरात रिपोर्ट आला. दोष सापडला होता. डॉक्टर म्हणाले, आता लेकीची आणि बाकीच्यांचीही तपासणी करा.

अक्का पटकन म्हणाली, "माझी केली की झाली. मंगळवेढ्याची ज्वारी घेताना मी मूठभर बघती, पोतं कळतंय. एका घरातल्या समद्यांचं रक्त कशाला?"

डॉक्टर हसले. "यात प्रत्येक दाणा वेगळा असतो, काशम्माबाई. लेकीत हा दोष आला असेल किंवा नसेल. अर्धी-अर्धी शक्यता."

अक्काचा चेहरा उतरला.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे एकाचा दोष सापडला की रक्ताच्या नातेवाइकांची तपासणी ती लॅब फुकट करायची. पण चंद्रिका अडून बसली. तिला भीती वाटत होती आणि ती भीती तिनं हट्टात गुंडाळली होती. "अप्पांनी केली तर मी करीन," म्हणाली. अप्पा म्हणजे तिचे वडील गुरुशांतअण्णा, भुसार बाजारातले दिवाणजी, पैशाला फार चिकट. ते म्हणाले, "गड्याला काय हुतंय त्यात? फुकट आसंल तर देतो रगत."

मग आम्ही सगळे लॅबच्या सोलापुरातल्या केंद्रावर गेलो. टेबलामागे पायल नावाची मुलगी होती. ती नम्रपणे म्हणाली, "मुलीची फुकट होईल. मिस्टरांची नाही. नवरा रक्ताच्या नात्यात बसत नाही."

हे ऐकताच अण्णा दाराकडे वळले आणि त्यांच्यामागे चंद्रिकाही. मला पुढचं ठाऊक होतं, म्हणून मी भिंतीला टेकून मजा बघत राहिलो.

"बसतोय की!" अक्का म्हणाली. "ह्ये माझं मामा हायती."

"मानलेले?"

"सख्खे. माझ्या आयचा धाकटा भाऊ."

आमच्या लिंगायतांत सख्ख्या मामाला भाची देत असत. तिच्या पिढीपर्यंत तरी सर्रास. पायल मूळची पुण्याची. तिनं कागदावर वंशावळीच्या रेघा मारल्या, खोडल्या, पुन्हा मारल्या. "म्हणजे तुमच्या सासूबाई..."

"माझी आज्जी."

"आणि यांची बहीण..."

"माझी आय. लाव फोन."

अक्कलकोटहून पार्वतम्मा व्हिडिओवर आली. तिनं आधी पायलचं लग्न झालंय का ते विचारलं, मग म्हणाली, "व्हय, माझाच भाऊ त्यो. मीच पोरगी दिली त्येला. काय बिघडलं?" पायल हसू दाबत म्हणाली, "काही नाही आजी." तिनं पुण्याला फोन केला. तिथल्या साहेबांनाही दोनदा समजावून सांगावं लागलं. शेवटी अण्णा रक्ताच्या नात्यात बसले. बाप-लेकीनं शेजारी शेजारी बसून दंड पुढे केले.

रिपोर्ट आले त्या दिवशी मीही गेलो होतो. डॉक्टरांनी आधी चंद्रिकेचा वाचला. तिच्यात दोष नव्हता. पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली. माझेही डोळे भरून आले. मग त्यांनी दुसरा कागद उचलला. अण्णांमध्ये तोच दोष होता. पुरुषालाही त्यातून कॅन्सर होऊ शकतो, आता दरवर्षी तपासण्या कराव्या लागतील, असं ते म्हणाले. मग चंद्रिकेकडे बघून हळूच म्हणाले, "आई-वडील दोघांतही असताना मुलीत एकाकडूनही न येणं, हे चारांत एकीच्याच वाट्याला येतं."

आपण कशातून सुटलो हे चंद्रिकेला कळायला थोडा वेळ लागला. ती अप्पांचा हात धरून बसली.

खाली चहाच्या टपरीवर अक्कानं मला विचारलं, "ह्येंच्या दरवर्षीच्या तपासण्या तरी देईल का तुजी कंपनी?"

मी खरं ते सांगितलं. "बहुतेक नाही. आजारी पडले तर देईल."

या वेळी ती माझ्यावर चिडली नाही. चहा हातात तसाच धरून ती अण्णांकडे वळली. "अवो, आपलं लगीन ठरलं तवा हे कुणाला ठावं आसतं, तर मला केली आसती व्हय तुमी?"

टपरीवाल्याला पैसे देत चंद्रिका उभी होती. तिच्याकडे बघत अण्णा म्हणाले, "न केली तर ही कुटनं आली आसती?"