टेबलाखालचा गणपती

"सर, इथे सुपर-रिझोल्यूशन होणारच नाही. जागाच चुकीची आहे," कंपनीचा इंजिनीअर बॅग आवरत म्हणाला. माझं डोकंच फिरलं. मशीन बसवताना यालाच ही जागा फर्स्टक्लास वाटली होती!

आमची लॅब गुजराती मुलखात, उधन्यात. भिंतीपलीकडे दिवसभर धडधडणारा पॉवरलूमचा कारखाना. मी मायक्रोस्कोपीचा इन-चार्ज. म्हणजे बिघडलं की बोलणी खाणारा.

साध्या मायक्रोस्कोपला पेशीतले अगदी जवळजवळचे तंतू वेगळे दिसत नाहीत. मांडवावरची लायटिंग लांबून दिसते तसा नुसता धूसर पट्टा. नव्या मशीनमध्ये ते दिवे थोडेथोडे, आळीपाळीने लुकलुकतात. प्रत्येकाचा मध्य टिपायचा, हजारो फोटो एकावर एक रचायचे, की तंतू सुटे होतात. अट एकच, तेवढा वेळ काहीही हलता कामा नये. म्हणून मशीनचं टेबल दाबलेल्या हवेवर तरंगतं. तरी आमचे तंतू सांडलेल्या रव्यासारखे.

डायरेक्टरसाहेब तिसऱ्यांदा डोकावले. "जोशीभाई, शुक्रवारपर्यंत फोटो आवशे? नाहीतर मशीन वडोदऱ्याच्या शाखेत."

हर्षदा पाटीलच्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण याच फोटोवर अडलं होतं. मी तडक कारखान्यात गेलो. म्हटलं, तुमच्यामुळे संशोधन थांबलंय! शेठनी शांतपणे चहा मागवला.

"साहेब, मारा लूम वीस वरसथी इथेच आहेत. तुमचं मशीन गेल्या महिन्यात आलं. कोणी हलायचं?"

चहा पिऊन आणखी चिडून परतलो. घरी जेवतानाही माझी तणतण चालूच. बायको म्हणाली, "आमटीत मीठ कमी आहे. तेही शेठनीच काढलं. जेवा."

गुरुवारी हर्षदा टेबलाच्या कोपऱ्यांवर तळहात ठेवत फिरत होती.

"हे काय?"

"पप्पा लूम फिटर आहेत ना, सर. हात लावून सांगतात, कुठला बोल्ट ढिला आहे ते. तीन कोपरे शांत आहेत. हा थरथरतोय."

तिने खाली मोबाइलचा टॉर्च मारला.

"सर... बाप्पा आहेत."

मशीनच्या पूजेला सुपारीचा गणपती मीच मांडला होता. झाडताना कचऱ्यात जाऊ नये म्हणून टेबल आणि पायामधल्या फटीत बसवला होता. तोही ठोकून! तरंगायचं टेबल एका कोपऱ्यात सुपारीवर टेकलं होतं, आणि लूमचा हादरा तिच्यातून थेट वर चढत होता. आणि तो इंजिनीअर! दोनदा आला, एकदाही वाकला नाही.

"काढू, सर?"

"काढ. आधी हात जोड."

शुक्रवारी तंतू सुटे दिसले. मशीन राहिलं, हर्षदाचं प्रकरणही मार्गी लागलं. इंजिनीअरने सर्व्हिस रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, 'टेबलाखाली बाहेरची वस्तू.' बाहेरची! मी आक्षेप घेणार होतो, पण खाली सही मलाच करायची होती.

शेठकडे जाऊन माफी मागायची अजून राहिली आहे. नवं मशीन घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: तरंगणाऱ्या टेबलाला कशाचाही आधार देऊ नका. देवाचासुद्धा.