घेऊ का थांबू?

"काकू, घेऊ का थांबू?"

फाटक उघडायच्या आधी हा प्रश्न आमच्या अंगणात यायचा आणि त्याच्या मागून तो. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने हेल्मेट काढायची धडपड, आणि नजर माझ्या तोंडावर अशी, की मी 'घे' म्हटलं तर हा माणूस आत्ताच्या आत्ता गाडी फिरवेल आणि घेऊनच येईल. तसं कधी झालं नाही. मी 'घे' म्हटलं की तो म्हणायचा, "पण थांबलं तर दिवाळीनंतर नवीन येते ना काकू." मी 'थांब' म्हटलं की म्हणायचा, "थांबून थांबून माणसानं किती थांबावं?" मग माझं डोकं फिरायचं. "मंग मले कायले विचारून राहिला बापा?" असं म्हणून मी पोळ्या लाटायला घ्यायची. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचा. पोळी दिली की खायचा, आणि पुन्हा तोच प्रश्न.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. भंडाऱ्याजवळच्या आमच्या वरठीत आजही मला सिस्टरबाईच म्हणतात. कम्प्युटरशी माझा संबंध एवढाच, की नोकरीच्या शेवटी शेवटी लसीकरणाची माहिती त्यात एका बोटाने भरायची. आणि हा मला विचारायचा, ग्राफिक कार्ड बारा जीबीचं घ्यावं की सोळाचं! मी म्हणायची, "सोळाचं घे, जास्त आहे ना ते." की झालं. बाराचं काहून बरं, सोळाचं काहून फसवं, हे सांगण्यात त्याचा अर्धा तास जायचा. चेहरा असा खुलायचा की त्याला मध्येच उठ म्हणवत नसे.

त्याचं नाव मी सांगत नाही. वरठीत सांगितलं तर लगेच सापडेल आणि बिचारा लाजून मरेल. आमच्या शेजारचं घर त्याचं. स्टीलच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, वय पस्तिशीच्या आसपास, लग्न नाही. त्याची आई माझी मैत्रीण होती. ती गेल्यापासून त्या घरात तो एकटा. ड्यूटीवरून यायचा, कुलूप उघडायचा, आत जायचा, आणि मग आतून कसलाच आवाज यायचा नाही. भांड्याचासुद्धा नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणाला गाडीचं वेड असतं, कोणाला कबुतरांचं. ह्याला कम्प्युटरवर गेम खेळायचं होतं. आणि त्यासाठी तयार मिळतो तो डबा त्याला चालणार नव्हता. एकेक भाग स्वतः निवडून, स्वतः जोडून कम्प्युटर बांधायचा होता. घर बांधणाऱ्या माणसाला जितके प्रश्न पडत नाहीत तितके ह्याला पडायचे, आणि ते सगळ्यांना विचारायचा. चहावाल्याला विचारायचा. दाढी करताना न्हाव्याला विचारायचा. त्या न्हाव्याने एकदा वस्तरा थांबवून सांगितलं म्हणे, "भाऊ, मोठावालाच घ्या, छोटा घेतला का पस्तावा होते." हेही त्याने मला गंभीरपणे येऊन सांगितलं. भंडाऱ्यातला कम्प्युटरवाला तर हा दिसला की फोन कानाला लावून दुकानाच्या मागे जायचा.

मोबाइलवर त्याचा एक ग्रुप होता, देशभरातल्या अशाच वेड्यांचा. तिथे प्रश्न टाकला की धडाधड उत्तरं यायची, आणि ती तो मला वाचून दाखवायचा. "इंदूरवाला म्हणते थांब. कोल्हापूरवाला म्हणते घेऊन टाक. पण काकू, कोल्हापूरवाल्याचं आपण नाही ऐकत, त्यानं स्वतःच हलका एसएमपीएस बसवला."

"ते काय असते?"

"सगळ्या भागायले वीज देते तो डबा. आपल्या इकडची लाइट माहीत आहे ना तुमाले? हलका घेतला तर सगळंच जळते."

"बरं. इंदूरवाला जेवला का मंग?"

तो हसायचा. पण खरंच, ही माणसं जणू त्याची सोयरी असल्यासारखी तो त्यांची नावं घ्यायचा. गावांचीच नावं, कारण खरी नावं त्यालाही ठाऊक नव्हती.

एकदा चिडून मी बोलून गेले, "अबे, एवढं मन लावून पोरी पाहिल्या असत्या तर आज घरात बायको असती."

"पोरी मी नाही ना पसंत करत काकू," तो सरळपणे म्हणाला. "तिकडून नकार येते. नोकरी कंत्राटी म्हणते, घरात बाईमाणूस नाही म्हणते." आणि लगेच मोबाइल पुढे केला, "हा मॉनिटर पाहा बरं."

मी चष्मा लावून मॉनिटर पाहिला. दुसरं काय करणार होते?

शेवटी एका हिवाळ्यात त्याने सगळं घेतलं. खोकी आली तेव्हा तो इतका कावराबावरा झाला होता, की मला हाक मारायला चप्पल न घालताच आला. दुपारभर मी टॉर्च धरून उभी आणि तो जमिनीवर चादर पसरून स्क्रू पिळत बसलेला. आमच्याकडे गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्याची काळी धूळ बसते. ती कम्प्युटरच्या पंख्यांतून आत जाईल ही त्याला मोठी धास्ती. मी घरून ड्रेसिंगचं गॉज आणलं आणि पंख्यांच्या जाळीवर नीट पट्ट्या बसवून दिल्या. "काकू, असं तर ग्रुपवर कोणाच्याच डोक्यात नाही आलं!" तो म्हणाला. बटण दाबलं. पंखे फिरले, निळे-जांभळे दिवे लागले, आणि आम्ही दोघांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

त्याने ग्रुपवर फोटो टाकला. शाबासकीचे अंगठे आले, अभिनंदन आलं. मला वाटलं, चला, सुटले एकदाची.

तर दोन-चार दिवसांनी हा आमच्या पायरीवर येऊन बसला. लग्न उरकल्यावर मांडवात एकटाच उरलेल्या नवरीच्या बापासारखा चेहरा. मी घाबरले. "काय झालं? जळला का?"

"नाही, मस्त चालून राहिला."

"मंग?"

तो पायरीचं सिमेंट नखाने खरवडू लागला. मग म्हणाला, "काकू, आता लोकायले काय विचारू?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. हा गडी दीड-दोन वर्षं कम्प्युटर निवडत नव्हताच. तो निवडत होता तोवर न्हावी त्याच्याशी बोलत होता, इंदूरवाला बोलत होता, मी बोलत होते. आता त्याच्याकडे सगळं होतं आणि बोलायला काही नव्हतं. मी म्हणाले, "चल, दाखव तुझे गेम."

मग गेमांची निवड सुरू झाली, आणि ह्यावेळी ती माझ्यासाठी. त्याच्याकडे हातात धरून खेळायचे कंट्रोलर दोन होते. दुसऱ्याचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. आधी त्याने मला बंदुकीचा गेम लावून दिला. मी म्हणाले, "जलमभर माणसं जगवली मी, आता मारायले लावतो का?" गाड्यांच्या शर्यतीत मला गरगरलं. शेवटी त्याला एक सापडला. दोन छोटी माणसं एक मोठी आलमारी उचलून डोंगरावरच्या घरी नेतात. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं. एकाने सोडलं की दोघंही आलमारीसकट दरीत. तो एकट्याने खेळताच येत नाही.

स्ट्रेचर उचलण्यात माझी हयात गेलेली. मला तो गेम जमला हो! पुढे तो, मागे मी. प्रत्येक दगडी पायरीपाशी त्याचा माणूस थांबायचा, वळून माझ्या माणसाकडे पाहायचा, आणि इकडे खुर्चीत बसलेला हा म्हणायचा, "सांभाळून काकू." मेच्या उन्हात कूलरची ओली हवा कम्प्युटरला बाधेल म्हणून तो कूलरचं तोंड भिंतीकडे करायचा. आम्ही घामाने निथळत आलमारी वाहायचो आणि पडलो की एकमेकांना दोष द्यायचो. त्याच्या घरातून आरडाओरडा ऐकून पलीकडची बाई एकदा धावत आली होती. माझी मुलगी पुण्याहून फोन करायची तर मी म्हणायची, "आता नाही, नंतर कर, पुलावर आहो."

मग त्याला गुजरातेत नोकरी लागली. पक्की नोकरी, पगार बरा. त्याने मला येऊन विचारलं नाही, ह्यावेळी त्याचं ठरलेलं होतं. मीही म्हणाले, जा. जायच्या आधी त्याने माझ्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर तो गेम बसवून दिला, चित्र अगदी हलकं करून, म्हणजे अडकणार नाही. दुसरा कंट्रोलर माझ्याकडे ठेवला. "दर रविवारी काकू. मी तिकडून, तुम्ही इकडून."

आणि खेळलो की आम्ही! हेडफोन लावून मी आमच्या जेवणाच्या टेबलाशी, तो तिकडे कुठल्या कामगारांच्या खोलीत, सोबत नेलेल्या कम्प्युटरपाशी. आम्ही पूल ओलांडला, बर्फातून गेलो. रविवारी मी जेवण लवकर आटपायची.

एका रविवारी पुढचा माणूस थांबेना. पायरी आली तरी तडातडा पुढे चालला. माझ्या हातून टोक सुटलं, आम्ही दरीत. पुन्हा तेच. मी ओरडले, "कोण आहे रे तू?"

"आंटी, भैया नहाने गए हैं," कानात एक अनोळखी, कोवळा आवाज आला. "मैं बगल वाले बेड पे रहता हूँ।"

संध्याकाळी त्याचा फोन. "काकू, राग आला का? तो भागलपूरचा आहे. त्याचं कोणी नाही इथं. ड्यूटीवरून आला का माझ्या बाजूले येऊन बसते, म्हणते लावा भैया आलमारीवाला."

"राग कायचा बापा? चांगलं झालं. बाजूले कोणी तरी पाहिजेच."

मी हे मनापासून म्हणाले, आणि म्हणता म्हणता दुसऱ्या हाताने कंट्रोलर उचलून कपाटात ठेवला. दोन्ही एकदमच झालं. इतकी वर्षं मला ह्याच्या बाजूच्या खुर्चीत कोणी तरी बसायला हवं होतं. बसलं. आणि आलमारीला टोकं दोनच.

तो चाचरत म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी एकट्यानं खेळायचा एखादा गेम पाहू का?"

"पाहा. पण घाई नको करू. नीट पाहून निवड."

तेव्हापासून तो निवडतो आहे. एकदा म्हणाला, तळ्याकाठी बसून मासे धरायचे आहेत. मी म्हणाले, मासे मले बाजारात भेटतात. एकदा म्हणाला, नकाशावर रेल्वे बांधायची आहे. मी म्हणाले, स्टेशन घराच्या मागंच आहे, दिवसभर गाड्याच ऐकतो. मग परवा त्याने न विचारताच एक पाठवला. पडक्या घराच्या मागची बाग आहे. वाफे करायचे, पाणी द्यायचं, काही उगवलं की पाहत बसायचं. दुपारी मी सहज म्हणून उघडला आणि चहाची वेळ टळून गेली. गाजरं आली होती. इतका छान गेम, काय सांगू तुम्हाला.

रात्रीच्या जेवणाआधी फोन आला. मागून त्या भागलपूरच्या पोराचं हसणं ऐकू येत होतं.

"काकू, आवडला का बागवाला?"

"नाही रे," मी म्हणाले. "नाही जमला मले. दुसरा पाहा."