पाहुण्यांसाठी भरलेले हंडे

३ मे, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. पुण्याहून रात्री निघालेली एसटी खेडच्या आगारात थांबली, तेव्हाच हवा दमट झाली होती. मी भूजलशास्त्राची विद्यार्थिनी. सह्याद्रीच्या कुशीतल्या चौदा घरांच्या एका वाडीत राहून तिथल्या झऱ्याचे उन्हाळी मोजमाप करायचे, असे ठरले होते. कोकणात जाऊन पाण्याची टंचाई मोजणार का, म्हणून मैत्रिणी हसल्या होत्या. त्यांचे हसणे मला चुकीचे वाटले नव्हते.

फाट्यापर्यंत दुसरी एसटी, पुढे काजूच्या बागांमधून आणि मग उघड्या कातळावरून चढ. ज्या खडकावर पावसाळ्यात पाय ठरत नाही, तोच आता तव्यासारखा तापलेला होता. पाऊस इथे उदंड पडतो. फक्त थांबत नाही, उतारावरून थेट समुद्राची वाट धरतो.

माझी राहण्याची सोय सुलोचनाकाकींच्या घरी होती. त्यांनी दारातच गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी सवयीने आधी हात धुवायला वाकले, तर त्यांनी माझ्या हातांखाली घमेले सरकवले आणि ते पाणी शेळीसमोर ठेवले. "तिचीपन तहान भागूंदे गो बाय," त्या इतकेच म्हणाल्या. जेवण पानांच्या पत्रावळीवर वाढले होते: तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी (कुळीथ दळून केलेले पातळ पिठले) आणि सुकटीची चटणी. पत्रावळ विसळावी लागत नाही, हे माझ्या लक्षात उशिरा आले.

काकींचे यजमान आणि मुलगा मुंबईला नोकरीत. घरात सून मनीषा, नववा महिना लागलेली. पहिले बाळंतपण माहेरी झाले होते. दुसरे रीतीप्रमाणे सासरी. पण बाळंतिणीला रोज शेकायला, न्हाऊ घालायला पाणी लागते. पावसाआधी टँकर सुरू झाला नाही तर मनीषाला मुंबईच्या खोलीवर पाठवावे लागणार होते, आणि त्या खोलीत आधीच सहा पुरुष राहत होते.

झरा वाडीच्या वर, खडकाच्या फटीत. धार सुतळीपेक्षाही बारीक. खाली हंड्यांची रांग. मालकीण घरी असली तरी तिच्या हंड्याचा नंबर कोणी मोडत नाही. मग या वाडीचे नाव टंचाईच्या यादीत कसे नाही, असे मी विचारले. मनीषाने हसत हसत गेल्या वर्षीची हकीकत सांगितली. तालुक्याहून साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर सगळ्या बायकांनी चार दिवस स्वतः घोटघोट पिऊन पाणी साठवले, हंडे कोकमाने घासून लखलखीत केले आणि काठोकाठ भरून दारोदार मांडले. साहेबांनी सरबत घेतले, पाण्याच्या चवीचे कौतुक केले आणि पाणी मुबलक आहे, असा अहवाल दिला.

मी हसले नाही, कारण वाडीने पुन्हा केलेल्या अर्जावरची यंदाची पाहणी दोन दिवसांवर होती आणि अंगणात हंडे घासणे सुरू झाले होते.

संध्याकाळी काकींच्या ओटीवर बायका जमल्या. हंडे रिकामेच राहू द्या, मी म्हटले. रिकामा हंडा हाच तुमचा पुरावा आहे. माझा युक्तिवाद मला निर्दोष वाटत होता. काकींनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"म्हंजे पावना दारात आला नि आमी सांगायचा, पानी नाय?"

"खरं तेच सांगायचं, काकी."

"खऱ्यासाठी पावन्याला सुका पाठवू? तुमच्या पुन्यात पाठवत असतील."

सगळ्या हसल्या, मीही हसले, कारण टोमणा बिनचूक लागला होता. मनीषा मात्र हसली नाही. ती हळूच सासूला म्हणाली, "आत्या, मला मुंबईला नाय जायचा." काकी उठल्या. "पानी देईन. पन घरात नाय. झऱ्यावर देईन."

साहेब भर दुपारी आले, घामाने निथळत. माणूस सज्जन होता. काकींनी त्यांना दारात थांबू दिले नाही. चढ चढवून थेट झऱ्यापाशी नेले, सावलीत घोंगडी अंथरली, गूळ हातावर ठेवला आणि धुतलेला तांब्या धारेखाली धरला. आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. गूळ खाऊन साहेबांचा घसा आणखी सुकला. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले, मग पुढे होऊन तांब्यात डोकावले.

"असू द्या, आहे तेवढं चालेल," ते म्हणाले.

"बसा सायेब. पावन्याला अर्धा तांब्या देत नाय आमी."

तांब्या भरायला नऊ मिनिटे लागली. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, थेंबही न सांडता संपवला आणि मागे उभी असलेली हंड्यांची रांग पहिल्यांदा नीट पाहिली.

परतीच्या एसटीत मी आकडेमोड करीत होते, पण मन त्या रांगेतच अडकले होते. दुष्काळ म्हटले की शासनाला भेगाळलेली जमीन दिसते; हिरव्या डोंगरातली तहान दिसत नाही, कारण आपण पाऊस जूनपासून मोजतो आणि झरे मे महिन्यात कोणीच मोजत नाही. त्याच डोंगररांगेत मी मुक्कामात आणखी तीन वाड्या पाहिल्या होत्या. तिथे कोणी पाहणीला आलेले नाही, कारण तिथून कोणी अर्ज केलेला नाही. संकटात असलेल्या माणसाने आधी आपले संकट सिद्ध करावे, ही अट शासनाने सोडली पाहिजे. जे लोक पाहुण्यापासून तहान लपवतात, ते अर्जात ती काय लिहिणार? मोजमाप माझ्याकडे तयार आहे. ते घेऊन मी जिल्ह्याच्या कचेरीत जाणार आहे, आणि तिथे ऐकले नाही तर मुंबईत.

महिनाअखेरीस काकींचा फोन आला. टँकर दिवसाआड येतो. मनीषाला मुलगी झाली, दोघी घरीच आहेत. पलीकडून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. "मोजतेस ना सगळा? मंग हेपन लिही," काकी म्हणाल्या. मी लिहिले.

बाळंतिणीची अंघोळ: दोन हंडे.