भावजींचं कार्ड आणि मामंजींचे कान

आमच्या धाकट्या भावजींना माहीत नाही अशी गोष्ट देवाने अजून निर्माण केलेली नाही. दिवसभर विमा कचेरीत लोकांच्या अर्जांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी इंटरनेटवर चार ओळी वाचून जगाला शहाणं करायचं, हा त्यांचा नेम. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ते पंखा समजावून सांगतात. दाताच्या डॉक्टरांना तोंड उघडं असतानाही सूचना देतात. "माणूस वाईट नाही गं," असं सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या. चांगलं-वाईट ठरवायचं मी देवावर सोपवलंय. मूर्ख आणि भित्रा, एवढं मात्र माझ्या अधिकारात ठरवून टाकलंय.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं करणाऱ्या एका संस्थेचं काम धरलं. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. मामंजी तेच पुस्तक समोर उघडून, हेडफोन लावून ते ऐकतात आणि कुठे शब्द गाळला, कुठे भलताच वाचला, कुठे मध्येच खोकला आला, ते टिपून कळवतात. सकाळी अंघोळ करून, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून, कामावर निघाल्यासारखे खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसतात. सासूबाई गेल्यावर त्यांना पुन्हा उभं केलं ते या कामानेच. मी ती त्यांची उपासना समजते. त्या वेळात त्या खोलीत झाडूसुद्धा फिरवत नाही.

तर या उपासनेत भावजींनी लक्ष घातलं. बंद पडलेल्या एका स्टुडिओचं सामान कुठल्याशा दुकानात विकायला आलं होतं. तिथून त्यांनी दोन जाडजूड हेडफोन आणले, एक स्वतःला आणि एक मामंजींना.

"दुकानदार मला शिकवत होता," चहा पिताना ते हसत सांगायला लागले. "म्हणे, हे हाय इम्पीडन्सचे आहेत, कंप्युटरवर थेट चालायचे नाहीत, ही छोटी अ‍ॅम्प्लिफायरची पेटी बरोबर न्या. म्हटलं, काका, बाबांच्या कंप्युटरमधलं साउंड कार्ड मी स्वतः निवडलंय. असे चार हेडफोन ओढेल! गप्पच बसला."

आणि मामंजींचा जुना हेडफोन, ज्याच्या कानावरचा स्पंज निघाला होता पण आवाज खणखणीत होता, तो त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकला. दान करून हात झटकावेत तसे हात झटकले.

मामंजींनी नवा हेडफोन लावला. आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेवटी पडद्यावरची खूण अगदी टोकाला जाऊन टेकली.

"लांबून येतंय रे," ते म्हणाले. "शेजारच्या घरात कुणी वाचत बसलंय असं वाटतं."

"बाबा, स्टुडिओचा आवाज असाच असतो. संयमी. कान तयार व्हावे लागतात."

मामंजींनी मान डोलावली. मुलाने हौसेने आणलेली वस्तू. महिनाभर ते कान तयार करत बसले, टेबलावर वाकून, डोळे मिटून. मग संस्थेच्या बाईंचा फोन आला. बाई फारच नम्र. तीन पुस्तकांत बऱ्याच चुका तशाच राहून गेल्या होत्या. गाळलेले शब्द, हळू आवाजात पुटपुटलेली वाक्यं. "तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

भावजींनी लगेच निदान केलं. हेडफोन स्टुडिओचा, कार्ड उत्तम, मग उरलं काय? कान!

"पण आतल्या खोलीतून त्यांना दूध उतू गेलेलं ऐकू येतं," मी म्हटलं. "माझ्या आधी."

"वहिनी, दुधाची फ्रिक्वेन्सी वेगळी."

एकदा मीही तो हेडफोन लावून पाहिला आणि मलाही कमीच ऐकू येतं म्हणून सांगितलं. "तुम्हाला सवय नाही," म्हणाले. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून वयाच्या मानाने कान छान असल्याचं सांगितलं. त्यावर भावजी रिक्षात म्हणतात, "त्यांचा हेडफोन बघितला? नुसतं प्लास्टिक. त्यात काय कळणार!" अशा माणसापुढे देवाने प्रत्यक्ष येऊन सांगितलं, तरी तो देवाचाच आवाज बारीक ठरवेल.

आमचे हे धाकट्या भावाच्या शब्दाबाहेर नाहीत. आणि मामंजींनी तर मनानेच घेतलं. समोरासमोर बोललेलंही "काय? काय म्हणालीस?" असं विचारायला लागले. सकाळी सदऱ्याची वरची बटणं उघडीच राहायला लागली. एका शुक्रवारी जेवताना म्हणाले, "सोमवारी बाईंना कळवतो. आता दुसरा माणूस बघा म्हणावं. बिचाऱ्या आंधळ्यांच्या पदरी माझ्या चुका कशाला?" जेवायला आलेले भावजी मान हलवून म्हणाले, "योग्य निर्णय, बाबा."

शनिवारी माझी धाकटी जाऊ तापाने पडली म्हणून मी डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. भावजी बाजारात गेले होते. त्यांच्या टेबलावर तसाच जाडजूड हेडफोन, आणि कंप्युटर नि हेडफोन यांच्यामध्ये एक छोटी काळी पेटी.

"ही काय गं?"

"अ‍ॅम्प्लिफायर. त्याशिवाय ऐकूच येत नाही ना त्यात," ती पांघरुणातून म्हणाली. "आतली तार केसासारखी असते म्हणे, तिला जोर जास्त लागतो. कंप्युटरचा पुरत नाही. आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी परत दुकानात जाऊन घेऊन आले. का? मामंजींकडे नाही?"

मी खुर्चीवर बसले आणि देवाचं नाव घेतलं, कारण दुसरं जे तोंडात आलं होतं ते आजारी माणसासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

भावजी भाजीची पिशवी घेऊन आले. मी पेटीकडे बोट केलं.

"ते वेगळं, वहिनी. मी संगीत ऐकतो."

"आणि मामंजी काय ऐकतात? भिंत?"

"म्हणजे... सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो ना कार्ड पुरतं म्हणून. हळूहळू सांगणारच होतो."

"कधी? सोमवारनंतर? तुमचं कार्ड खोटं पडू नये म्हणून बापाचे कान खोटे पाडलेत, भावजी!"

ते पिशवीतली कोथिंबीर काढून निवडायला लागले. जन्मात कधी न निवडलेली. जाऊ तापात उठली, तिने पेटी वायरींसकट उपटली आणि माझ्या डब्याच्या पिशवीत घातली. "न्या, ताई."

घरी यांनी ती जोडून दिली. मामंजींनी कंटाळून हेडफोन चढवला आणि एकदम दचकून आवाज खाली आणला. मग त्यांचा हात वर गेला, कुणी बोलू नका म्हणून. "हा गृहस्थ प्रत्येक वाक्याआधी ओठ चाटतोय!" ते ओरडले. "इथे 'आणि' खाल्ला. इथे अख्खी ओळ खाल्ली, लेकाने!" इतकं आनंदाने रागावलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

थोड्या वेळाने मामंजींनी मला विचारलं, "पेटी कुठून आणलीस?"

"भावजींकडून."

"त्याच्याकडे होती? कधीपासून?"

मी सांगितलं. सोमवारी बाईंना स्वतः फोन लावून त्यांनी ती तिन्ही पुस्तकं पुन्हा तपासायला मागून घेतली.

पुढच्या रविवारी भावजी आले. आमचे शेजारी बाहेरच्या खोलीत बसले होते, म्हणजे गिऱ्हाईक तयारच. "हाय इम्पीडन्सला कंप्युटरचं कार्ड पुरतच नाही हो," भावजी मांडी ठोकून सांगत होते. "वेगळा अ‍ॅम्प लागतोच. मी पहिल्यापासून सांगत होतो, पण घरात ऐकतं कोण!"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. आदळला म्हटलं तरी चालेल.

आतल्या खोलीतून मामंजींचा आवाज आला, "अरे, हळू बोल जरा. मला इथे सगळं ऐकू येतंय."

भावजींचे कान लाल झाले. क्षणभर वाटलं, या माणसाला आता तरी काही वाटेल. त्यांनी चहाचा घोट घेतला, शेजाऱ्यांकडे थोडं सरकले आणि तेच सगळं हळू आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.