चौथऱ्यावर चढलेले दीर

माझे मोठे दीर किचनरला राहतात, सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि त्यांना सगळं माहीत असतं. आमच्या कुटुंबातून वसईहून कॅनडाला पहिले तेच आले. त्यामुळे बर्फ, बेसमेंट, विंटर टायर आणि पीआर म्हणजे कायमच्या रहिवासाचा परवाना या चारही विषयांत त्यांचा शब्द शेवटचा मानायची आमच्याकडे पद्धत पडली. ती माझ्या नवऱ्याने पाडली. तो अजूनही दादांचा फोन आला की उभा राहून बोलतो.

मागच्या फेब्रुवारीत दादांच्या मनात आलं की आपण चौघांनी 'साउथ'ला जायचं. कॅनडात हिवाळ्यात कॅरिबियनला जाणं म्हणजे साउथला जाणं. बँकेतल्या माझ्या टेबलाच्या आसपासचे सगळे कधी ना कधी जाऊन लाल होऊन येतात. दादांनी रिसॉर्ट ठरवला, तारखा ठरवल्या आणि मग आम्हाला विचारलं. नवरा हो म्हणाला. माझं मत कुणी घेतलं नाही आणि मीही ते दिलं नाही. टोरोंटोत, आमच्या स्कारबरोला, वजा अठरा होतं, माझा तत्त्वनिष्ठपणा तेवढ्या थंडीत टिकत नाही.

रिसॉर्टवर गोरी माणसं सकाळपासून पापडासारखी वाळत पडलेली असायची. आम्ही चौघं छत्रीखाली. उन्हापासून पळण्यात आमचं अर्धं आयुष्य गेलं आणि आता त्याच उन्हासाठी आम्ही विमानात बसून आलो होतो. जाऊबाईंनी बॅगेतून तिखटाची बाटली आणली होती. बुफेवरच्या प्रत्येक पदार्थावर त्या आधी तिखट भुरभुरायच्या आणि मग इथल्या जेवणाला चव नाही म्हणायच्या. दादा वेटरला "कसं काय, माय फ्रेंड" म्हणायचे आणि तो पाठमोरा झाला की हे लोक किती आळशी आहेत हे आम्हाला सांगायचे. नवरा मान डोलवायचा. मी पुस्तक तोंडासमोर धरायचे. चार दिवस मी त्यातलं एकच पान वाचत होते.

पाचव्या दिवशी वारा सुटल्याने बोटीची सफर रद्द झाली. काउंटरवरच्या मुलीने सुचवलं, गावातल्या जुन्या बागांची पायी फेरी आहे, तीन बागा, दोन तास.

"बागा?" दादा म्हणाले. "बागा काय बघायच्या? आमच्या किचनरला काय कमी आहेत?"

मग पत्रकावर 'ऐतिहासिक' हा शब्द दिसला आणि त्यांचा चेहरा बदलला. इतिहास हा त्यांचा विषय होता. तोही.

गाव बंदराचं, लहान, उताराचं. आमच्याशिवाय ओटावाकडचं एक म्हातारं जोडपं होतं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर बोललं नाही. गाईड सत्तरीच्या बाई होत्या. निवृत्त शाळामास्तरीण, काळ्यासावळ्या, सडपातळ, इस्त्रीचा सुती झगा, डोक्यावर गवती टोपी, हातात मिटलेली छत्री. त्या छत्रीने त्या दिशा दाखवायच्या. त्यांनी सुरुवातीलाच आमच्या पायांकडे पाहिलं आणि जाऊबाईंच्या टाचांच्या सँडलांपाशी नजर जरा जास्त वेळ ठेवली.

पहिली बाग म्हणजे खरं तर मोठं मैदान. एके काळी तिथे पलटणीची कवायत चालायची, आता पोरं क्रिकेट खेळत होती. कडेला चाफ्याची ओळ होती. पानं गळालेली, फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे गुच्छ. वसईला आमच्या चर्चमागच्या दफनभूमीत अगदी अशीच झाडं आहेत. मला तो वास आला आणि क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात दादा पुढे झाले.

"हे झाड आमचं," ते बाईंना म्हणाले. "इंडियन. आमच्याकडे देवळात असतं. आमचे मजूर इथे उसाच्या मळ्यांवर आले ना, त्यांनी आणलं असणार."

बाईंनी छत्री जमिनीवर टेकली. "नाही, सर. झाड इथलंच आहे. इथून ते जगभर गेलं. तुमच्याकडे नंतर पोचलं."

"शक्यच नाही," दादा म्हणाले. "आमच्या घरासमोर आहे."

"तुमच्या घरासमोर असेलच," बाई म्हणाल्या. "मी फक्त ते आधी कुठे होतं ते सांगतेय."

दादांनी फोन काढला, शोधलं, वाचलं. वाचताना त्यांच्या भुवया वर जाताना मी पाहिल्या. मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि नवऱ्याला मराठीत म्हणाले, "इंटरनेटवर काहीही लिहितात." माझ्या नवऱ्याने मान डोलवली. पंचवीस वर्षं मी त्या मानेसोबत संसार केला आहे.

दुसरी बाग लहान, टापटिपीची. चारी बाजूंनी काळ्या लोखंडी गजांचं कुंपण आणि मधोमध बँडवाल्यांसाठी आठकोनी मंडप. बाईंनी सांगितलं, गोऱ्यांच्या काळात रविवारी संध्याकाळी इथे बँड वाजायचा. आत बसायला साहेब आणि त्यांच्या मडमा. गावातल्या माणसांना फाटकाच्या आत येता येत नसे. कायदा असा कुठे लिहिलेला नव्हता, पण फाटकावर शिपाई होता.

"माझी आजी इथे उभी राहायची," बाई म्हणाल्या आणि छत्रीचं टोक एका गजावर टेकवलं.

नेमकं तेव्हाच जाऊबाईंनी माझा दंड धरला. "अगं, वॉशरूम कुठे असेल? विचार ना त्यांना."

मी मध्येच विचारलं. बाईंनी न रागावता कोपऱ्यातली इमारत दाखवली. मी जाऊबाईंबरोबर गेले, त्यांची पर्स धरून दाराबाहेर उभी राहिले. परत आलो तेव्हा आजीची गोष्ट संपली होती आणि मंडळी फाटकाबाहेर पडत होती. दादा गजाला टेकून सेल्फी काढत होते.

तिसरी बाग उतारावर, बंदराच्या तोंडाशी. वडासारखी डेरेदार झाडं, बाकांवर दुपारचा डबा खात बसलेल्या कचेऱ्यांतल्या बायका आणि मधोमध दगडी चौथरा. पुरुषभर उंच, पायथ्याशी तीन बुटक्या पायऱ्या, वर काहीच नाही. तिथे पूर्वी कुणा गव्हर्नराचा पुतळा होता. मळेवाल्यांच्या बाजूने त्याने काय काय केलं ते बाईंनी थोडक्यात सांगितलं. थोडक्यातही ते ऐकवत नव्हतं. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी मागणी लावून धरली आणि पुतळा उतरवला. चौथरा मुद्दाम रिकामा ठेवला.

"आता बघा," दादा म्हणाले.

आणि ते चढले. पायऱ्यांवरून गुडघा वर टाकत, नवऱ्याच्या खांद्याचा टेकू घेत, हाफपँट आवळत, साठीचे माझे दीर त्या चौथऱ्यावर चढले आणि हाताची घडी घालून, हनुवटी उचलून उभे राहिले. "घे फोटो!"

नवऱ्याने फोटो घेतले. एक उभा, एक आडवा. जाऊबाईंनी टोपी नीट करायला सांगितली. मी बाईंकडे पाहिलं. त्या दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवून शांत उभ्या होत्या, वर्गात मस्ती थांबायची वाट बघावी तशा. ओटावाचं जोडपं समुद्राकडे तोंड करून उभं होतं.

मग दादांना उतरायचं होतं, आणि त्यांना उतरता येईना.

चढताना गुडघ्याने साथ दिली होती, उतरताना दिली नाही. ते काठाशी आले, वाकले, मागे सरकले. बसायचा प्रयत्न केला, तर हाफपँट कुठे तरी टर्रकन वाजली. "हात दे," ते नवऱ्यावर ओरडले. नवऱ्याने हात वर केला, तो पोचला नाही. "तू बावळट आहेस का? पाठ दे!" माझा नवरा, ज्याला स्लिप डिस्क आहे, पाठ द्यायला वाकला. बाकांवरच्या बायकांनी डबे बाजूला ठेवले आणि उघड उघड बघायला लागल्या. एकीने दुसरीला कोपर मारलं.

बाई दोन पावलं पुढे आल्या आणि त्याच शाळेतल्या सुरात म्हणाल्या, "घाबरू नका, सर. तुमच्या आधीचे गृहस्थही स्वतःहून उतरले नव्हते. क्रेन आणावी लागली होती."

मी हसले. तोंडावर हात ठेवून नाही, मोठ्याने, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाकांवरच्या बायकाही हसल्या. शेवटी त्यांच्यातल्याच दोघी धट्ट्याकट्ट्या उठल्या आणि दादांना काखेत धरून पोत्यासारखं खाली घेतलं. दादांनी त्यांना थँक्यूही म्हटलं नाही.

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. दादा फोनवर टाइप करत होते. मी मागच्या सीटवर होते, त्यांचा स्क्रीन मला दिसत होता. इंटरनेटवर त्या फेरीच्या पानावर त्यांनी एक तारा दिला होता. 'उद्धट गाईड. पाहुण्यांचा अपमान करते. माहिती चुकीची. इतिहास फार, बाग कमी. वयस्कर लोकांसाठी असुरक्षित.' ती वयस्कर माणसं म्हणजे कोण ते मात्र लिहिलं नव्हतं.

स्कारबरोला परतल्यावर आठवडाभरात दादांनी फोटो सगळ्यांना पाठवला. किचनरला एका बारशाला गेलो तेव्हा त्यांचं वर्णनही तयार झालेलं होतं. गाईडनेच म्हणे आग्रह केला, सर, तुम्ही वर उभे राहा, तुम्हाला शोभेल. जाऊबाई शेजारी बसून "हो ना" म्हणाल्या. माझ्या नवऱ्याची मान हलली. मी सर्वांसमोर म्हटलं, "दादा, तुम्हाला दोन बायकांनी उचलून खाली ठेवलं." खोलीतली कॉलेजची मुलं खो-खो हसली. दादा जेवणाच्या टेबलाकडे निघून गेले.

घरी येताना चारशे एक नंबरच्या हायवेवर नवरा म्हणाला, "तुला काय गरज होती?"

"तुला नव्हती, म्हणून मला होती," मी म्हटलं.

त्याच रविवारी मी त्या पानावर पाच तारे देऊन लांबलचक अभिप्राय लिहिला. इंग्रजीत, दोनदा तपासून. बाई किती विद्वान, किती संयमी. काही पर्यटक किती असंस्कृत. आणि त्यात मी त्या आजीबद्दलही लिहिलं. लोखंडी गज मुठीत धरून बाहेर रडणारी ती गरीब स्त्री, जिला ते संगीत कधीच आतून ऐकता आलं नाही, ती मला अजून दिसते, असं काहीसं. लिहून झाल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. बँकेत दोघीतिघींना वाचून दाखवलं. एकीचे डोळे भरून आले.

दहा दिवसांनी उत्तर आलं. बाई प्रत्येक अभिप्रायाला उत्तर देत होत्या. दादांना दोन ओळी होत्या: आपल्या गुडघ्यांना त्रास झाला याचं वाईट वाटतं, पुढच्या वेळी चौथऱ्याखालून बघावं, तिथूनही तो पूर्ण दिसतो.

मला जास्त होत्या. 'आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल आभार. एक दुरुस्ती. माझी आजी रडत नव्हती. ती फाटकाबाहेर आल्याच्या वड्या विकायची आणि धंदा उत्तम चालायचा. बँड बेसूर आहे असं तिचं ठाम मत होतं. हे मी त्या दिवशी सांगितलं होतं. आपण तेव्हा बहुधा दुसरीकडे होतात.'

मी जेवणाच्या टेबलापाशी बसून ते तीनदा वाचलं. दादा चौथऱ्यावर चढले होते ते सगळ्यांना दिसलं. मी त्या बाईंच्या आजीला धरून रडवलं आणि त्या रडण्यावर स्वतः उभी राहिले, हे फक्त बाईंना दिसलं. अर्धी गोष्ट ऐकून उरलेली अर्धी मी माझ्या सोयीने रचली होती. ती रचताना मला एकदाही वाटलं नाही की विचारावं. माहिती नसताना ठामपणे बोलणाऱ्या माणसाला आमच्या घरात दादा म्हणतात, हे मीच ठरवलेलं होतं.

आजीचा परिच्छेद मी काढून टाकला. असंस्कृत पर्यटकांबद्दलच्या ओळीही काढल्या. खाली उरलं ते एवढंच: चांगली फेरी आहे, सपाट चपला घाला, शेवटपर्यंत ऐका. बँकेत ज्यांना वाचून दाखवलं होतं त्यांना मात्र मी काही सांगितलं नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नाही.

ईस्टरला दादा आणि जाऊबाई आमच्याकडे जेवायला आले. अभिप्राय त्यांनी वाचला होता, हे त्यांच्या गुड आफ्टरनूनवरून कळलं. चर्चमधला मिस्सा, जेवण, दुकानांच्या फ्लायर्समधले सेल, सगळ्यांवर बोलणं झालं. बागांचं नाव कुणी काढलं नाही. दादांनी नवऱ्याला विंटर टायर कधी काढावेत ते सांगितलं. नवऱ्याने ते आधीच काढलेले होते, तरी त्याने मान डोलवली.

किचनमध्ये मी भांडी डिशवॉशरला लावत होते. जाऊबाई आल्या, दार ओढून घेतलं आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या, "खरं सांगू? मलाही हसू आलं होतं गं. फार आलं होतं. ओढणी तोंडात कोंबली मी."

"मग बारशाला 'हो ना' कशाला म्हणालात, वहिनी?"

त्यांनी हात झग्याला पुसला. "तुला परत स्कारबरोला यायचं होतं," त्या म्हणाल्या. "मला त्याच गाडीत बसून त्यांच्याच घरी जायचं होतं."

बाहेरून दादांनी चहाला किती वेळ आहे असं विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "आणते," आणि कपाटातून कप काढायला लागल्या. मी त्यांना कपाटाचं दुसरं दार दाखवलं, चांगले कप तिकडे होते. त्यांनी पहिल्याच दारातले कान तुटलेले काढले आणि त्यातला सर्वांत जुना दादांसाठी भरला.