दुसऱ्या कडव्यानंतरची पेटी

बायकोनं दाराला बांधलेलं लिंबू सोडून वरणात पिळणारा माणूस आहे मी. ती होती तोवर यावरून दर शनिवारी आमचं वाजायचं. या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, पण खरं सांगायचं तर हसायला. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या घरात भांडी पडतात... मांजर असेल, झोप कमी झाली असेल, असं म्हणून मी पान उलटतो. आता माझी पाळी आहे. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

वय त्र्याहत्तर. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर. नागपूरला मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझी मुलगी मुक्ता राहतो. बीपीची एक गोळी सोडली तर औषध नाही. व्यसन एकच — जुन्या, कुणीही न ऐकलेल्या गॅरेज रॉकची कंपायलेशन्स.

हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो. साठ-सत्तरच्या काळात जगभर पोरांनी बँड काढले. बापाची गाडी गॅरेजबाहेर काढायची आणि आत वाजवायचं. गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचा, वाकवायचा, ऐकणाऱ्याचं डोकं गरगरलं पाहिजे — त्याला सायकेडेलिक म्हणायचं. बहुतेकांनी एकच गाणं रेकॉर्ड केलं आणि मग कुणी विमा एजंट झाला, कुणी मास्तर. आता पन्नास वर्षांनी काही वेडे लोक अशी अनाथ गाणी शोधून एकेका रेकॉर्डवर पंधरा-पंधरा गोळा करतात. गाणारा सुरात नसतो, ड्रमवाला घाईला आलेला असतो. पण प्रत्येकाला वाटत असतं की पुढच्या आठवड्यात आपण प्रसिद्ध होणार. मोठ्या कलाकाराच्या गाण्यात ही गंमत नाही, कारण तो खरंच प्रसिद्ध होतो. मी आधी कव्हरची मागची बाजू वाचतो. कुणी काय वाजवलं, कुठे वाजवलं, पुढे कोण काय झालं. काही बँडखाली एवढंच असतं — यांच्याबद्दल काहीही माहिती मिळाली नाही. ते वाचून मला दरवेळी गलबलतं. का, ते पुढे येईलच.

आमचाही बँड होता. कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. मी गिटार वाजवायचो आणि गायचो, सुरेश बेस, पीटर ड्रम. आणि चौथा वामन. वामन नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतला. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला. त्याचे वडील भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवायचे आणि तीच पेटी हा आमच्याकडे आणायचा. शिक्षण सांभाळून तो लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात काम करायचा. तिथं एक फाटका भोंगा पडला होता. वामननं एक दिवस पेटीसमोर माइक ठेवला आणि तो आवाज त्या भोंग्यातून काढला. काय सांगू... पेटी कुरकुरायला लागली, गुरगुरायला लागली, मधेच रडल्यासारखी वर जायची. आम्ही तिघं वाजवायचं सोडून नुसते ऐकत बसलो.

पीटरच्या मामाचं शहराबाहेर वाडी गावाला ट्रान्सपोर्टचं गोडाऊन होतं. एका रविवारी ते रिकामं मिळालं. पेटी सुरेशच्या सायकलच्या कॅरियरला बांधून नेली, मामाचा स्पूलवाला टेपरेकॉर्डर लावला आणि पत्र्याखाली आम्ही आमचं एकुलतं एक गाणं टेप केलं. इंग्रजी, माझं स्वतःचं, व्याकरणाच्या दोन चुकांसकट. दुसरं कडवं संपलं की वीसेक सेकंद वामनची पेटी. त्या गाण्यात ऐकण्यासारखं काही असेल तर ती पेटीच.

पुढं महाल भागातल्या आमच्या गल्लीत गणपतीत कार्यक्रम करायचं ठरलं. मंडळाच्या सेक्रेटरीनं नावं विचारली. वामनचं आडनाव ऐकल्यावर तो म्हणाला, "पेटी काहून पाहिजे त्यात? गिटार-ड्रम पुरे." मी समजलो. तो काय बोलतोय ते मला नीट समजलं, आणि मी "बरं" म्हणालो. वामनला सांगितलं की कार्यक्रम रद्द झाला. तोही "बरं" म्हणाला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी भोंगे बांधायला दुकानातून माणूस आला. तो वामन होता. खांबावर चढून त्यानं भोंगे बांधले, खाली येऊन माझ्यापुढचा माइक माझ्या उंचीला लावला, "हॅलो, हॅलो" करून पाहिलं. मला म्हणाला, "आवाज बरोबर आहे का गा?" मी मान हलवली. तो स्टेजवरून उतरून गेला. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं आमची गाठ पडली नाही. एकाच शहरात राहून. बँडही त्याच वर्षी संपला.

दोन वर्षांपूर्वी मुक्तानं बिस्किटाच्या डब्यातला तो स्पूल एका स्टुडिओतून डिजिटल करून आणला आणि गाणं इंटरनेटवर टाकलं. महिनाभरात एका जर्मन माणसाचा ईमेल आला. तो अशी कंपायलेशन्स काढतो. आमचं गाणं त्याला हवं होतं. त्यानं तीन प्रश्न विचारले. कोण कोण वाजवत होतं? कुठे रेकॉर्ड केलं? आणि दुसऱ्या कडव्यानंतर जो गुरगुरणारा आवाज येतो, ते कुठलं वाद्य आहे? असा आवाज मी कधी ऐकलेला नाही, असंही लिहिलं होतं.

आता माझी चूक. मी तीन नावं टाइप केली. चौथं टाइप करायचं तर वामन नंतर का सोडून गेला हे सांगावं लागलं असतं, असं मी स्वतःला पटवलं. पण मग तिसऱ्या प्रश्नाचं काय? त्यावर मी लिहिलं — ते मीच वाजवलं. गिटारची वायर जुन्या रेडिओला जोडली होती. एवढं लिहून सेंडचं बटण दाबलं आणि चहा करायला गेलो. मनाला जराही बोचलं नाही, याची आता जास्त लाज वाटते.

सात-आठ महिन्यांनी रेकॉर्डचं पार्सल आलं. एप्रिल महिना, दुपारचे साडेतीन, कूलर चालू. मुक्ताला सुट्टी होती. कव्हरच्या मागे आमची तीन नावं, खाली माझ्या रेडिओची थाप छापलेली. रेकॉर्ड लावली. पहिलं कडवं, दुसरं कडवं... आणि मग काहीच नाही. म्हणजे ड्रम होता, बेस होता, माझी गिटार साथीला चँग-चँग करत होती. पेटी नव्हती. वीस सेकंद नुसती जागा सोडलेली, आणि मग तिसरं कडवं.

मला वाटलं त्यानं पेटी काढून टाकली. तडक ईमेल केला. उत्तर आलं, मी काहीही कापलेलं नाही, कुठला भाग म्हणताय? मी त्याचाच जुना प्रश्न त्याला पाठवला. तो म्हणाला, शेवटी गिटार केकाटते त्याबद्दल मी विचारलं असेल. मुक्ताच्या कॉम्प्युटरवर मूळ फाइल लावली. पेटी नाही. स्टुडिओत जाऊन खुद्द स्पूल लावायला सांगितला. नाही. मुक्ता म्हणाली, "बाबा, तिथे कधीच काही नव्हतं. मीच तर अपलोड केलं ना."

पीटर वारला आहे. सुरेश पुण्याला असतो, त्याला फोन लावला.

"वामनची पेटी? मीच तं बांधून नेली होती सायकलले," तो म्हणाला. "पण वाजोली कुठं गा त्यानं? नुसता बसून होता तो."

"सुरेश, ते गाणं त्या पेटीवरच उभं आहे."

"तुले झोप येते का गा बरोबर?" त्यानं विचारलं. हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलो होतो.

धंतोलीत कानाच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाला, काका, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. बरं, माझे कान गेले म्हणावं तर मुक्ताचे, सुरेशचे आणि त्या जर्मनाचेही एकाच वेळी गेले की काय? चार रात्री झोप नाही. शेवटी उरला एकच माणूस.

वामनचं ते दुकान अजून आहे, आता तिथं डीजे भाड्यानं देतात. गल्ल्यावरच्या माणसानं सांगितलं की वामन कोराडीच्या वीज केंद्रात लागला होता, रिटायर होऊन तिथंच घर बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं कोराडी गाठली. पिशवीत रेकॉर्ड आणि मुक्ताचा हातात नेण्यासारखा छोटा प्लेयर.

वामनच्या घरी वहिनी अंगणात कूलरवर बसलेली वीज केंद्राची राख फडक्यानं पुसत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांना ते माहीत होतं, हे चेहऱ्यावरून कळलं. आत नेऊन म्हणाल्या, "यांले कमी ऐकू येते भाऊ. टर्बाइनपाशी नोकरी झाली पूर्ण. जोरानं बोला."

वामन खुर्चीत बसला होता. पार वाळलेला, कानात मशीन. माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "पोट सुटलं गा तुझं."

मी सरळ प्लेयर स्टुलावर ठेवला आणि रेकॉर्ड लावली. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. आणि मग ती मोकळी जागा, माझ्या कानांना तरी. पण वामनचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर मागेपुढे व्हायला लागला, भाता मारल्यासारखा. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती. दारातून वहिनी म्हणाल्या, "तुमचीच पेटी होय ना हे? कशी कुरकुरते, बाप्पा."

"भोंगा फाटका होता," वामन त्यांना म्हणाला. "म्हणून तशी वाजते."

अमानवीय वगैरे जे म्हणतात ते मला त्या क्षणी पटलं, आणि ते पटवणारी दोन साधी माणसं माझ्यासमोर हसत होती. तिसरं कडवं सुरू झालं तसा वामनचा हात थांबला. बरोबर जागेवर.

"वामन, मले ऐकू येत नाही ते," मी म्हणालो. मनीषनगरात माझी भाषा कधीच सुधारली होती, त्याच्यापुढे ती आपोआप परत आली. "कोणालेच येत नाही. मी लिहून देल्लं त्या माणसाले, का ते मीच वाजोलं म्हणून."

मग सगळंच सांगितलं. सेक्रेटरीचं, कार्यक्रम रद्द झाल्याच्या थापेचं. वामन मशीनवर बोट ठेवून ऐकत होता.

"ते मले तव्हाच माहीत होतं," तो म्हणाला. "भोंग्याची ऑर्डर आठ दिवस आधीच आली होती दुकानात. मीच लिहून घेतली."

"म्हणजे मी रद्द झाला म्हणून सांगतलं तव्हा..."

"हो."

"मग बोलला काहून नाही तू?"

"तू बोलशील म्हणून पाहत होतो. आठ दिवस होते तुझ्यापाशी." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी दुसऱ्या पोराची पाळी होती बांधायची. मी मागून घेतली. म्हटलं, तोंडावर तरी बोलेल."

मी माफी मागितली. त्यानं हात हलवला. "ते राहू दे आता. मले ते माफीचं जमत नाही. पुन्हा लाव जरा, हे ऐकून राहिली," म्हणून वहिनींकडे मान केली. मी पुन्हा लावली. दुपारपर्यंत पाच वेळा लावली असेल. वहिनींनी जेवायला वाढलं. तो मला काही वाईट बोलला नाही. पुन्हा ये, असंही म्हणाला नाही.

घरी येऊन जर्मनाला खरं काय ते लिहिलं. वामनचं नाव, वडिलांच्या नावासकट पूर्ण, पेटी, फाटका भोंगा, मंडळाचा कार्यक्रम, सगळं. चार दिवसांनी उत्तर आलं की दुरुस्तीची छापील चिठ्ठी आता प्रत्येक रेकॉर्डमध्ये जाईल. खाली एक ओळ होती. आत्ताच पुन्हा ऐकलं, पेटी तर केवढी स्पष्ट आहे, आधी माझ्या लक्षात कशी आली नाही?

मी मुक्ताला हाक मारली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "हो, आहे ना. भारी आहे, बाबा." सुरेशला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "वामन काय वाजवायचा गा." आधी पेटी नव्हती असं म्हणाल्याचं दोघांनाही आठवत नाही. मी वाद घातला नाही.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. टेपवरचा आवाज जातो कसा, परत येतो कसा, सगळ्यांच्या कानांतून एकदम... मी नाना तर्क करून पाहिले. एकही टिकत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, आता मी हसणार नाही.

कारण मला अजून ती ऐकू येत नाही. रोज दुपारी मुक्ता ऑफिसात असते तेव्हा मी रेकॉर्ड लावून बसतो. दुसरं कडवं संपतं. मग ड्रम, बेस आणि माझी गिटार, बाकी काही नाही. ती गिटार बेसूर आहे. इतकी वर्षं पेटीखाली ती झाकलेली होती, म्हणून मला कधी कळलं नाही.